क्षेत्रफळाबरोबर दुकानाचं तोंडही मागा

वाचकाचं पत्र

"ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत आमची तीन मजली चाळ आहे. वर साठ बिऱ्हाडं, खाली नऊ दुकानं. त्यातलं एक आमचं, सासऱ्यांनी सुरू केलेलं. भाजणी, मेतकूट, मसाले आणि मागच्या बाजूला गिरणी. सासरे गेले, मिस्टरांची तब्येत बिघडली, तेव्हापासून मीच बघते. भाडेपावती अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. आता पुनर्विकासाची बोलणी सुरू झालीत. बिल्डरने दोन सभा घेतल्या. वरच्यांना तीनशे फुटांच्या वरची घरं, आत संडास-बाथरूम, लिफ्ट. आम्हा दुकानदारांना 'जेवढी जागा तेवढी जागा'. मी सभेत म्हटलं, असं झालं तर गिरगावचं गिरगावपण जाईल, आपण हेरिटेजवाल्यांकडे अर्ज करू. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या मला लग्न होऊन आल्यापासून ओळखतात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तू संध्याकाळी शटर ओढून बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये झोपायला जातेस. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला संडासला मी जाते.' तेव्हापासून आमचं बोलणं नाही. मुलगा म्हणतो, पैसे घे आणि मोकळी हो. माझं चुकतंय का? वाडी वाचवायची तर काय करू?"

— एक वाचक, गिरगाव

ताई,

काकूंचं बोलणं सगळ्यांसमोर झालं, म्हणून जास्त लागलं असणार. पण ते खरं आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या, गॅलरीच्या टोकाला मजल्याचे सामाईक संडास, टेकू लावलेला जिना. हे सगळं गिरगावपण म्हणून जपा, असं तिथे रात्र न काढणाऱ्याने सांगितलं की कुणालाही खुपेल. तुम्ही वाडीच्या मायेने बोललात, त्यांना ते त्यांच्या घराच्या आड येणारं वाटलं. आधी वर जाऊन त्यांच्याशी बोला. दुकानाच्या कामासाठी म्हणून जाऊ नका, माणूस म्हणून जा. नवं घर त्यांना मिळायलाच हवं, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

त्यात व्यवहारही आहे. तुमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत असणार. तेव्हा तिचा पुनर्विकास बहुतेक विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली होईल. त्याला पात्र रहिवाशांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. एकोणसत्तरातल्या छत्तीस सह्या झाल्या की पुरे. दुकानं नऊ. म्हणजे एकाही दुकानदाराची सही नसताना योजना पुढे जाऊ शकते, आणि बिल्डरला हे पक्कं माहीत असतं. गिरगावात दुकानदार हरतात ते बहुतेक या गणितामुळे. वरचे आणि खालचे वेगळे झाले की खालच्यांच्या अटी ऐकायची कुणालाच गरज उरत नाही. साठ घरांतली पंचवीस-तीस घरं जर म्हणाली, 'आधी आमच्या दुकानांचं कागदावर आणा, मग सह्या,' तर बोलणी वेगळीच होतात. म्हणून काकू.

आता तुमच्या हेरिटेजच्या अर्जाबद्दल. मुंबईने वारशाची नियमावली १९९५ मध्ये केली, देशात सर्वांत आधी. इमारतींना श्रेणी दिल्या, काही परिसर एकत्रित जपायचे ठरवले. त्या नियमांमुळे फोर्टात, काळ्या घोड्याला आज जे उभं आहे त्यातलं बरंच टिकलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. तुमची चाळ यादीत आहे का, ते महापालिकेत जाऊन जरूर बघा. असेल तर उंचीपासून दर्शनी भागापर्यंत बऱ्याच गोष्टी वारसा समितीपुढे जातील आणि तुमच्या हाती एक दोरी येईल. नसेल, तर आता धावपळ करून ती यादीत घालण्याचा प्रयत्न करू नका. त्याला वेळ लागेल, वरच्या साठ घरांशी कायमचं वैर येईल आणि शेवटी मिळालंच तर जे मिळेल त्यात तुमच्या दुकानाला संरक्षण नसेल. वारसा नियम दगड, लाकूड, कमानी, कठडे जपतात. आत कोण काय विकतं, हा त्यांचा विषय नाही. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस आठवा. परिसर वारसा यादीतला, इमारत जागच्या जागी. दुकान मात्र २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं. तुमच्यापासून दहा मिनिटांवरची खोताची वाडी घ्या. लाकडी जिन्यांचे, ओसरीचे ते बंगले एके काळी पासष्टच्या आसपास होते, आज निम्म्याहूनही कमी उरलेत. वाडीचं नाव जगभर झालं, परदेशी पाहुणे फोटो काढायला येतात, आणि ज्या अनंताश्रमात माणसं माशाच्या जेवणासाठी रांग लावायची ती खानावळ कधीच बंद झाली. नाव आणि घरं राहिली तरी धंदे आपोआप राहत नाहीत.

मग गिरगावपण म्हणजे नेमकं काय वाचवायचं? मला विचाराल तर ते तळमजल्यावर आहे. वरचे मजले कितीही उंच जाऊ देत, रस्त्याने चालणाऱ्या माणसाला ती इमारत काय देते, हे पाहायचं. आज तुमच्या वाडीच्या तोंडाशी उभं राहिलं तर दहा-बारा फुटांवर एक उघडं दार दिसतं. शिंपी, घड्याळवाला, पूजेच्या सामानाचा, लॉन्ड्री, तुमची गिरणी. दुकानदार रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. शाळेतून येणारं पोर, बँकेत निघालेले आजोबा, नवा भाडेकरू, सगळ्यांवर त्याची नजर असते. ही वस्तीची राखण कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठी आहे. आणि वाडीच्या मधला चौक. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. तो सार्वजनिक होऊ शकला, कारण रस्त्यावरून सरळ आत शिरता येत होतं.

आता नवे टॉवर बघा, लालबागला, गिरगावला, कुठेही. खाली पाच-सहा मजले गाड्यांचे. रस्त्याच्या कडेला कोरी भिंत, मधे गाड्यांचा रॅम्प, एक फाटक, एक केबिन. मोकळी जागा पोडियमच्या, म्हणजे त्या गाड्यांच्या मजल्यांच्या, गच्चीवर. गणपती वर बसतो, आणि वर जायला रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. तो सोसायटीचा गणपती झाला. शेजारच्या वाडीतली बाई संध्याकाळी सहज डोकावून हात जोडून जाईल, ते संपलं. लोक उंचीला दोष देतात, मी पोडियमला देते. चाळीस मजले चढवूनही खालचे शंभर फूट जिवंत ठेवता येतात. ते ठेवायचे की नाही, हे नकाशा काढताना ठरतं. नकाशा मंजूर झाल्यावर केलेल्या तक्रारी फाईलला लागतात.

म्हणून 'जेवढी जागा तेवढी जागा' या वाक्यापाशी थांबा. ते खोटं नाही. ३३(७) मध्ये राहत्या घराला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, आहे आणि बिगरनिवासी जागेला आज आहे तेवढंच. पण त्या ओळीत क्षेत्रफळाचा हिशेब आहे, दुकानाच्या तोंडाचा नाही. समजा तुमचं दुकान १८० चौरस फुटांचं आहे, रस्त्याला बारा फूट आणि आत पंधरा. उद्या तुम्हाला सहा फूट तोंडाचं आणि तीस फूट खोल बोगद्यासारखं दुकान मिळालं तरी क्षेत्रफळ १८०च. इमारतीच्या मागच्या अंगाला, कचरा खोलीशेजारी मिळालं तरी १८०च. पहिल्या मजल्यावर, जिथे पाव किलो भाजणीसाठी कुणी जिना चढणार नाही, तिथेही १८०च. आणि बहुतेक योजनांत होतं असं, की पुनर्वसनाची इमारत मागे ढकलली जाते आणि हमरस्त्याचं तोंड विक्रीच्या इमारतीला जातं. तिथे मग मोठ्या काचेची शोरूम येते. धंदा फुटांवर चालत नाही, येता-जाता दिसण्यावर चालतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता तर गिरगाव आणि काळबादेवी ही दोन्ही मेट्रो स्थानकं सुरू झाली आहेत. जिन्यातून वर येणारं नवं गिऱ्हाईक कुणाच्या दारावरून जाणार, यावर पुढची पन्नास वर्षं ठरायची आहेत. ज्याच्या हातात नकाशा आहे त्याला या फुटांची किंमत बरोबर कळते. तुम्हालाही कळली पाहिजे.

तेव्हा तुमच्या मागण्या तोंडापासून सुरू करा. दुकान तळमजल्यावर, रस्त्याच्या पातळीला, आजच्याइतक्याच रुंदीच्या तोंडाचं, सध्याच्याच रस्त्याकडे किंवा वाडीच्या मुख्य बोळाकडे. हे सगळं कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात शब्दांत हवं, आणि कराराला जोडलेल्या नकाशावर तुमच्या दुकानाचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि लाल रेघेने दाखवलेली जागा हवी. 'योग्य ठिकाणी देण्यात येईल' असं वाक्य दिसलं तर सही करू नका. करार नोंदणीकृत हवा. सभेत माईकवर दिलेला शब्द आणि व्हॉट्सॲपवर आलेलं रंगीत चित्र यांना नंतर कुणी ओळखत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सहज सुटून जाते. गिरणी. नव्या इमारतीत पहिल्याच वर्षी कुणीतरी अर्ज करतो की आवाज होतो, पीठ उडतं, मिरची कांडली की शिंका येतात. करारात वापर 'दुकान' एवढाच लिहिला असेल तर सोसायटी तुम्हाला गिरणी बंद करायला लावू शकेल, आणि तुम्ही बाहेरून दळून आणलेली पाकिटं विकत बसाल. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाच पेच आहे. तांब्यावर पडणारा हातोड्याचा आवाज ही त्या आळीची ओळख, आणि वाड्याच्या जागी फ्लॅट आले की तोच आवाज उपद्रव ठरतो. म्हणून आजचा वापर नेमका लिहून घ्या: पीठ व मसाला दळण, भाजणं, साठवण आणि विक्री. थ्री-फेज जोडणी आणि आजचा वीजभार लिहून घ्या. भट्टीची वाफ आणि वास वर गच्चीपर्यंत नेणारी नळी नकाशातच हवी, नंतर ती कुणी बसवू देत नाही. यंत्राखालची जमीन वेगळी घालून घेतली तर कंप वर जात नाही. एखादा चांगला वास्तुविशारद हे अर्ध्या तासात रेखाटून देईल. काकूंनाही त्यातून दिसेल की त्यांच्या झोपेचा विचार तुम्ही आधी केलाय.

मधल्या वर्षांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त सतावतो. घराचा माणूस तीन-चार वर्षं मिळालेल्या भाड्यावर दहिसरला राहून परत येऊ शकतो. दुकान दहिसरला राहून परत येत नाही. गिऱ्हाईकाची सवय मोडायला एक दिवाळी पुरते. अडचणीत आलेल्या प्रकल्पांची वर्षं तर मोजवत नाहीत, संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं या शहरात आहेत. तेव्हा दुकानदारांनी घरभाड्याच्या धर्तीवर मिळणारी रक्कम निमूट स्वीकारू नये. त्याच वॉर्डात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तात्पुरता गाळा मागा, किंवा तसा गाळा बाजारभावाने घेता येईल एवढं भाडं, दरवर्षीच्या वाढीसकट, काही महिन्यांचं आगाऊ आणि बाकीच्याला बँक हमी. चाळ रिकामी करण्याआधी हमी हातात हवी. नऊ जणांनी मिळून जवळच एखादी मोठी जागा घेतली आणि सगळी दुकानं शेजारी शेजारी बसवली, तर निम्मं गिऱ्हाईक टिकेल. माणूस तुमच्याकडे भाजणीला येतो आणि जाता जाता घड्याळाचा सेल बदलतो. ही दुकानं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत.

दुकानांचा असा एकत्र विचार शहरात झालेला आहे. भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास घ्या. २००९ पासून चाललेली योजना, साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. तिथे मागे एका समाजाचा विश्वस्त निधी उभा आहे, तुमच्याकडे तसं नाही, हे मला कळतं. पण दुकानं हा योजनेचा पहिल्यापासूनचा भाग असू शकतो, एवढं त्यावरून सभेत नक्की दाखवता येईल. तुमच्या आजूबाजूच्या दोन-तीन वाड्यांचीही बोलणी सुरू असतील तर समूह पुनर्विकासाची, म्हणजे ३३(९) ची, चर्चा निघेलच. शहरात त्याला किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. त्यात चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) जास्त मिळतो, आणि एकाच वेळी अख्खी गल्ली पुसली जाण्याचा धोकाही जास्त. गल्लीच्या मूळ रेषा आणि बोळ राखण्याची अट तिथे आणखी जोरात मांडा.

हे सगळं मागायचं तर आधी तुमचं नाव कागदावर हवं. पावती अजून सासऱ्यांच्या नावावर असणं ही आज तुमची सगळ्यांत कच्ची बाजू आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर उद्या सकाळी हेच काम काढलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ७(१५) प्रमाणे धंद्याच्या जागेतला भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळतं. असं कुणी नसेल तर वारसाला, आणि वारसांचं आपसांत जुळलं नाही तर न्यायालय ठरवतं. तेव्हा मिस्टर सासऱ्यांच्या हयातीत दुकानात बसत होते याचे पुरावे गोळा करा. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), खाद्यपदार्थांचा परवाना, बेस्टची वीज बिलं, बँकेचं पासबुक, जुन्या पावत्या, जुनी बिलबुकं. नणंदा-दिरांची ना-हरकत आत्ताच, प्रेम आहे तोवर घ्या. प्रकल्पाचे आकडे बाहेर आले की सख्खी माणसं वकिलामार्फत बोलायला लागतात. मालकाकडे पावती बदलून मिळण्यासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं, त्या यादीत दुकान कुणाच्या नावावर, किती क्षेत्राचं आणि निवासी की बिगरनिवासी म्हणून लागलंय, ते स्वतः जाऊन वाचा. एक तारीखही लक्षात ठेवा: १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरू हक्क ३३(७) मध्ये धरत नाहीत. मधे कुणी एका गाळ्याचे दोन करून वेगळी पावती घेतली असेल तर त्याला हे आधीच सांगा.

तुमच्या नऊ जणांत मी आणखी काहींना मोजते. जिन्याखाली चहाचं पातेलं मांडणारा, ओट्यावर फुलं-दूर्वा घेऊन बसणारी मावशी, पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बायका. त्यांच्याकडे कागद नाही किंवा आहे तो घराचा आहे, म्हणून कुठल्याच यादीत त्यांचा धंदा येणार नाही. चाळ पडेल तेव्हा ते सर्वांत आधी आणि आवाज न करता जातील. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ बसतायत तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच्या परिशिष्टात आहे. मावशींची आई त्याच जागी बसायची, असं असेल तर जुने फोटो, मंडळाच्या अहवालांतले उल्लेख, आसपासच्या दुकानदारांची लेखी साक्ष जमवून पथविक्रेता समितीकडे अर्ज करायला त्यांना मदत करा. डबे देणाऱ्या बायकांसाठी नव्या इमारतीत एक सामाईक स्वयंपाकघर मागता येईल. बिल्डर हसेल. मागा.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. त्याच्यावर रागावू नका, त्याच्यासमोर वही उघडा. आज तुम्ही जे भाडं देता ते कायद्याने गोठवलेलं आहे. शहरातली जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि नंतर फार थोडी हलली. त्यामुळे ही दुकानं जगली, आणि त्यामुळेच मालकाला इमारतीवर खर्च करण्यात रस उरला नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने झाल्या. नव्या इमारतीत तुम्ही मालक व्हाल, पण महिन्याचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर येईल, तो आजच्या भाड्याच्या कितीतरी पट असेल. तेवढं काढून धंदा तुम्हाला दोन पैसे देतो का? देत नसेल तर काय बदलावं लागेल: भाव, कुरिअरने बाहेरगावी पाठवणं, सणासुदीच्या ऑर्डरी? गिरगावातून डोंबिवली-विरारला गेलेली किती घरं अजून तुमच्याच मेतकुटासाठी येतात, त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे लिहिलेले आहेत का? मेंटेनन्ससाठी दुकानांनाही कॉर्पस, म्हणजे बिल्डरने एकरकमी द्यायची ठेवीची रक्कम, मिळायला हवी, तीही घरांच्या बरोबरीने, हे अटींत घाला.

हिशेब करून मुलाने नाही म्हटलं तरी दुकान दुकान म्हणूनच ताब्यात घ्या. आत्ता पैसे घेऊन हक्क सोडला तर तो गाळा कायमचा हातून गेला. मिळालेला गाळा पुढे तुमच्या हाताखाली बारा महिने काम करणाऱ्या बाईला भागीत चालवायला देता येईल, वाडीतल्याच कुणाला देता येईल. धंदा रक्ताच्या नात्यातच राहिला पाहिजे असं नाही. वाडीत राहिला तर बरं.

एक गोष्ट आपल्या शहराने करायला हवी आणि अजून केलेली नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये जुन्या धंद्यांसाठी खास निधी मंजूर केला. तीस वर्षांहून जुना, वस्तीच्या ओळखीचा भाग झालेला धंदा नोंदवला जातो, त्याला मदत मिळते, आणि अशा दुकानाला दहा वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या जागामालकालाही पैसे मिळतात. म्हणजे मालकाला दुकान ठेवण्यात फायदा दिसतो. मुंबईची वारसा यादी इमारतींची आहे, धंद्यांची तशी यादी नाही. गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला राज्यभरातून माणसं येतात, पुढारी फेटे बांधून चालतात. त्या सगळ्यांना ही मागणी लेखी द्या. ज्या रस्त्याने यात्रा जाते त्या रस्त्यावरची पन्नास वर्षांहून जुनी दुकानं कोणती, हे मंडळाच्या पोरांना चार रविवार हिंडून लिहून काढता येईल: दुकानाचं नाव, वर्ष, काय विकतात, कितवी पिढी. देशातला पहिला बोलपट १९३१ मध्ये ज्या मॅजेस्टिकमध्ये लागला ते आता फक्त इमारतीच्या नावात उरलं आहे. निदान आज जे चालू आहे, त्याची नोंद ते चालू असताना व्हावी.

पण हे लांबचं झालं. बिल्डरची तिसरी सभा होण्याआधी नऊही दुकानदारांना तुमच्या दुकानात बोलवा. एका कागदावर प्रत्येकाची आजची लांबी-रुंदी, रस्त्याकडचं तोंड, वापर आणि वीजभार टेप लावून, फोटोसकट लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. पुनर्विकासाची कामं केलेला एकच वकील आणि एकच वास्तुविशारद सगळ्यांनी मिळून घ्या, फी वाटून भरा, आणि ते बिल्डरच्या ओळखीतले नाहीत याची खात्री करा. वेगवेगळं जाऊन कुणी 'माझं तेवढं बघा' म्हणायचं नाही, हे त्याच बैठकीत ठरवा, कारण पहिला फुटला की बाकीच्या आठांची किंमत उतरते. मालकच टाळाटाळ करत असेल आणि इमारत धोकादायक ठरली असेल तर म्हाडा कायद्याचं कलम ७९-अ आहे. त्यात मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने आणि त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या प्रस्तावित सोसायटीला सहा महिने मिळतात. त्याबद्दल वकिलाला नीट विचारा. सोसायटीने स्वतः पुढाकार घेतला तर नकाशा काढणारा हातही तुमचाच राहील.

आणि सोसायटीची समिती बनेल तेव्हा तिच्यात दुकानदारांच्या दोन जागा मागा. एकीवर तुम्ही बसा. काकूंनाही समितीत यायला सांगा. रात्री दोन वाजताचा जिना आणि दिवसभराचं दुकान, दोन्ही माहीत असलेली माणसं नकाशावर वाकलेली असतील तर वास्तुविशारदाला थातुरमातुर उत्तरं देता येणार नाहीत. नकाशाची पहिली प्रत आली की तळमजल्याचं पान आधी उघडा.